पुणे ते आपशिंगे मिलिटरी, सायकलवर

पहाटे पावणेपाचला पुण्याच्या कॅम्पातल्या राष्ट्रीय युद्ध स्मारकापाशी आम्ही बारा जण जमलो. जायचं होतं सातारा जिल्ह्यातल्या आपशिंगे मिलिटरी या फौजींच्या गावाला. हे स्मारक पुणेकरांनी वर्गणी काढून उभारलेलं, म्हणून निघायचं इथूनच असं ठरवलं होतं. दिवस ७ डिसेंबर २०१९, सशस्त्र सेना ध्वजदिन. नातलग, शेजारी, ऑफिसातले मित्र, दिसेल त्याला गाठून आम्ही किलोमीटरमागे दहा-वीस रुपये कबूल करून घेतले होते. सगळी रक्कम ध्वजदिन निधीत जाणार होती.

या तारखेला मला आणखी एक गोष्ट आठवते. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली ७ डिसेंबरलाच मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत इथे तुर्की फौजेने वेढा घातला. आत अडकलेली फौज होती सहावी पूना डिव्हिजन, आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. जवळपास पाच महिने उपासमार, आजारपण. घोडे कापून खायची वेळ आली, तरी कित्येक हिंदी शिपाई ते मांस शिवेनात. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. पुढे बसऱ्याला स्मारक झालं. त्यावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली, साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार नुसती संख्या. हे वाचल्यापासून मला ते सलत होतं.

कात्रज अंधारातच चढलो. शिरवळला नीरा ओलांडली, मिसळ खाल्ली. खरी परीक्षा खंबाटकीला. तेव्हा साताऱ्याकडून येणाऱ्यांना बोगदा होता, जाणाऱ्याला घाट चढावाच लागायचा. ट्रक गुरगुरत अंगावरून जात होते, मांड्या भरून आल्या होत्या. एका वळणावर आमच्यातली सर्वांत धाकटी मुलगी उतरली. मग आम्हीही उतरलो आणि सायकली हातात धरून सगळे तिच्याबरोबर चाललो. मागे कुणी राहायचं नाही, एवढा एकच नियम आम्ही केला होता.

भुईंज, पाचवड, सातारा. नागठाण्याच्या बाजूला महामार्ग सोडला आणि साडेचारला आपशिंग्यात पोचलो.

पहिल्या महायुद्धात या गावचे ४६ जवान कामी आले, त्यांची आठवण म्हणून इंग्रजांनी इथे स्मारक बांधलं. आम्ही हेल्मेट काढून उभे राहिलो. शेजारच्या ओट्यावरून एक म्हातारे सुभेदार काठी टेकत आले.

"पुण्यास्नं सायकलीवर आलासा व्हय? बसा, पानी प्या आदी."

मी विचारलं, "आबा, तुमच्या घरातलं कोण होतं त्या लढाईत?"

"आमचा पणजा. त्यो माघारी आला न्हाई. मग आजा गेला, बाप गेला, मी गेलो. आता नातू हाय, जम्मूला." मग काठीने समोरची घरं दाखवत ते आडनावांसकट सांगू लागले, कुणाच्या घरातून कोण कुठल्या पलटणीत. चहा दोनदा झाला तरी गल्ली संपली नव्हती.

उन्हं उतरली तशी पोरं रस्त्यावर आली. भरतीची तयारी. त्यातला एक माझ्या घड्याळाकडे बघून म्हणाला, "दादा, टायमिंग लावता का? सोळाशे मीटर." मी लावलं. तो धापा टाकत परत आला. पाच मिनिटं बेचाळीस सेकंद.

"पाच तीसला यायला पायजे," तो म्हणाला. थोडं पाणी प्यायला आणि पुन्हा पळायला गेला.