तुम्ही विचारलंत म्हणून: लेगोची माणसे झटके का खातात?

कोल्हापुरात मुलांसोबत स्टॉप-मोशन, म्हणजे वस्तू थोडी थोडी सरकवत फोटो काढून त्यांचे हलते चित्र, करून पाहणारे पालक मला बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात: लेगोची माणसे पडद्यावर थरथरतात, झटके खातात, तर सेकंदाला जास्त फोटो काढावेत का? माझे उत्तर असे की, फोटो वाढवण्याआधी जे हलायला नको ते सारे पक्के करावे. सेकंदाला 12 फोटो नवशिक्याला पुरतात. 10 सेकंदांच्या दृश्याला तेच 120 होतात, आणि सेकंदाला 24 धरून 240 काढायला बसलेले मूल थकून हालचालीकडे लक्ष देईनासे होते.

फोन ट्रायपॉडवर घट्ट बसवावा. त्यानंतर उजेड. आपल्याकडे पावसाळ्यात ढग सतत सरकत असल्यामुळे खिडकीजवळ लागोपाठ काढलेल्या दोन फोटोंतही उजेड सारखा राहत नाही. म्हणून खिडकी झाकून टेबललॅम्प लावावेत, आणि फोकस, एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) व व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) लॉक करावेत, नाहीतर फोन प्रत्येक फोटोला ते स्वतःच बदलत राहतो. याच शहरातल्या चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी 1923 च्या ‘सिंहगड’ या मूकपटासाठी कृत्रिम प्रकाश वापरला होता; उजेड आपल्या ताब्यात असण्याचे मोल कोल्हापूरकरांना नवे नाही. काम करताना पांढरा सदरा टाळावा, कारण त्यावरून परतणारा उजेडही चित्रात लुकलुकतो.

आता हालचाल, आणि माझ्या मते खरी सुधारणा इथेच होते. चालू लागणारा माणूस एकदम वेग घेत नाही, तेव्हा बाहुलीही सुरुवातीला व थांबताना अगदी थोडी आणि मधल्या टप्प्यात जास्त सरकवावी. लेगोच्या पाटीवरील शेजारच्या दोन उंचवट्यांच्या मध्यांत 8 मिलिमीटरचे अंतर असते आणि सुरुवातीच्या सरकण्याला ते फार होते. म्हणून गुळगुळीत चपट्या ठोकळ्यांची जमीन करून पायाखाली पोस्टर चिकटवायच्या पुट्टीचा कण लावावा.

लेगोच्या माणसाला कोपर नाही, गुडघा नाही, आणि त्याची मान फक्त डावी-उजवीकडे वळते. त्यामुळे त्याचा विचार दाखवायचा तर क्रमानेच दाखवावा लागतो: आधी मान वळते, मग सहा फोटो, म्हणजे अर्धा सेकंद, तो स्तब्ध राहतो, आणि नंतरच हात उठतो. हा विराम मुले हमखास गाळतात. त्यांना मोठी लढाई रचायला देण्याआधी एका माणसाने कप पाहून उचलण्याचे तीन सेकंदांचे दृश्य द्यावे, आणि त्या 36 फोटोंमधला विराम जमेपर्यंत तेच पुन्हा करून घ्यावे.