तुम्ही विचारलंत म्हणून: त्याच त्या नावाचा कंटाळा येत नाही का?

घरी आलेला पाहुणा दुसऱ्या-तिसऱ्या गाण्याला विचारतोच, "हा माणूस सारखं एकच नाव काय घेतोय? कंटाळा येत नाही तुम्हाला?"

नाव काळ्या लोकांचा पुढारी मार्कस गार्वीचं. घेणारा रेगे गायक विन्स्टन रॉडनी. केनियाचे स्वातंत्र्यनेते जोमो केन्याटांना 'जळता भाला' म्हणत, त्यावरून हा झाला बर्निंग स्पिअर. जमैकातल्या सेंट ॲन परगण्यातला. गार्वीही तिथलाच, आणि बॉब मार्लीही. गाणं करायचंय तर जाऊ कुठे, हे त्याने मार्लीलाच विचारलं होतं. मार्ली तेव्हा गाढव, रोपं, कोयता घेऊन शेताकडे निघाला होता. म्हणाला, 'स्टुडिओ वन' या रेकॉर्डिंग स्टुडिओत जा. १९६९मध्ये पहिली तबकडी निघाली.

पण मी अडकलो तो १९७५च्या 'मार्कस गार्वी' या अल्बमपाशी. गार्वीने काळ्या लोकांच्या मालकीची जहाज कंपनी काढली, अमेरिकेने त्याला टपाल-फसवणुकीच्या खटल्यात तुरुंगात घातलं, १९२७मध्ये हाकलून दिलं. १९४०मध्ये तो लंडनमध्ये वारला. १९६४मध्ये जमैकाने त्याच्या अस्थी परत आणल्या, त्याला राष्ट्रवीर केलं. आणि त्यानंतर अकरा वर्षांनी हा गातो, गार्वीची कुणाला आठवणच नाही! हार घालून मोकळं होणं आपल्याला काही नवीन नाही, त्यामुळे ही तक्रार मला लगेच कळली.

शब्द मोजकेच. तेच तो ओढतो, घोळवतो, मध्येच नुसता हुंकार देतो. गुलामीचे दिवस आठवतात का, असं एका गाण्यात पुन्हापुन्हा विचारतो. पाचव्यांदा विचारल्यावर तो प्रश्न उरत नाही, जाब होतो. आमच्या आजीच्या जपात जी लय होती तीच इथे बेसच्या ठोक्यावर आहे. कंटाळा यायला ऐकणारा बाहेर उभा असावा लागतो.

आयलंड या रेकॉर्ड कंपनीने हा अल्बम परदेशी कानांसाठी नव्याने मिक्स करून सौम्य केला. स्पिअरला ते रुचलं नाही. पुढे त्याने स्वतःचं लेबल काढलं. दोन ग्रॅमी मिळाले, २००० आणि २००९मध्ये. गार्वी काही सुटला नाही.

हल्ली मी पाहुण्यांना 'गार्वीज् घोस्ट' लावतो. त्याच गाण्यांचं डब, म्हणजे वाद्यांवर भर देऊन नव्याने मिक्स केलेलं रूप, गायकाचा आवाज जवळजवळ पुसलेला. तक्रार येत नाही. परवा एकाने मात्र कव्हर हातात घेऊन विचारलं, "हा गार्वी कोण हो?"