अकरा ग्रॅम तांबं: एल्कसाठी गोळी निवडताना

त्या एल्क मादीचा माग काढायला आम्हाला साडेतीन तास लागले. एल्क म्हणजे अमेरिकेतलं सांबरासारखं मोठं जनावर. बार काढला तेव्हा ती जेमतेम साठ यार्डांवर आडवी उभी होती. गोळी खांद्यावर बसलेली मीही पाहिली आणि सोबतच्या शेजाऱ्यांनीही. तरी ती पडली नाही. स्प्रूसच्या दाट झाडीत शिरली आणि बर्फावरचे रक्ताचे थेंब थोड्याच वेळात विरळ झाले. शेवटी ओढ्याकाठी बसलेली सापडली, जिवंत. दुसरा बार काढावा लागला. तिचे ते साडेतीन तास माझ्यामुळे गेले, हे मी अजून विसरलेलो नाही.

सोलताना उलगडा झाला. गोळी खांद्याच्या हाडावर आदळून फुटली होती. पुढचा अख्खा फरा रक्ताळून काळा पडला होता, आणि बोट फिरवलं की मांसात राखाडी कण लागत होते. शिसं.

मी मूळचा कुडाळ तालुक्यातला. आजोबांकडे शेतसंरक्षण परवान्याची ठासणीची बंदूक होती, रानडुकरांसाठी. आधी दारू, मग काथ्या, मग छर्रे, सगळं गजाने ठासायचं. मला हात लावू देत नसत, पण मापाची छोटी नळी धरायला द्यायचे आणि दर वेळी सांगायचे, "दारू मापान घालूची, अंदाजान न्हय." भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद झाली आणि ती बंदच राहावी असं मला वाटतं. कोलोरॅडोत गोष्ट वेगळी आहे. इथे कळपांची गणना करून राज्य दरवर्षी परवाने ठरवतं, आणि १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला आधी शिकारीचं प्रशिक्षण पुरं करावं लागतं. तेही मी केलं होतं. कमी पडलो तो गोळीच्या बाबतीत.

एल्कसाठी इथला नियम असा: गोळी शरीरात शिरल्यावर पसरणारी हवी, वजन किमान ८५ ग्रेन (सुमारे साडेपाच ग्रॅम), आणि शंभर यार्डांवर किमान १००० फूट-पाउंड ऊर्जा. माझी थर्टी-ऑट-सिक्स रायफल हे सगळं सहज पार करते. मी घेतलेला काडतुसांचा स्वस्तातला डबाही नियमात बसत होता. पण गोळी हाडावर एकसंध राहील की नाही, हे कुठलाच नियम सांगत नाही. साध्या गोळीत पातळ तांब्याच्या कवचात शिसं भरलेलं असतं. दोनशे यार्डांवर वेग उतरला की ती नीट पसरते. साठ यार्डांवर वेग जवळपास पूर्ण असतो, आणि वर जाड हाड आडवं आलं तर ती आत जाण्याआधीच फुटते. हरणावर हे बऱ्याचदा खपून जातं. दोनशे किलोंच्या वर भरणाऱ्या एल्क मादीवर खपत नाही.

हाच धडा जॉन नॉस्लर या अमेरिकन शिकाऱ्याला १९४६ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात मूसच्या, म्हणजे एल्कहूनही मोठ्या जनावराच्या, शिकारीत मिळाला होता. गोळ्या वरच्यावर फुटत राहिल्या. घरी येऊन त्यांनी अशी गोळी घडवली की तिच्याच पोटात तांब्याचा आडवा पडदा: पुढचं शिसं पसरेल, मागचं जागचं हलणार नाही. ती पार्टिशन गोळी आजही विकली जाते, आणि त्या हिवाळ्यात मी तीच घ्यायचं जवळजवळ नक्की केलं होतं. शेजारी चाळीस वर्षं तीच वापरत आलेत.

मत बदललं ते स्वयंपाकघरात. खिमा करायला घेतला होता, आणि सात वर्षांच्या लेकीने विचारलं, "बाबा, मटणात गोळी असते का?" मी "नाही" म्हणालो, आणि मग माझाच हात थांबला. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात गरिबांसाठी दान केलेल्या हरणाच्या मांसाचे एक्स-रे काढले, तेव्हा त्यात शिशाचे बारीक कण दिसले होते. डोळ्याला न दिसणारे. पार्टिशनचाही पुढचा भाग शिशाचाच, आणि तो झिजत झिजतच आत जातो. मी तो सगळा खिमा टाकून दिला.

दुसरी गोष्ट गिधाडांची. लहानपणी आमच्या गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की अर्ध्या दिवसात गिधाडं उतरायची. मी कॉलेजात जाईपर्यंत ती दिसेनाशी झाली. गुरांना टोचलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मढ्यातून त्यांच्या पोटात जात होतं. जनावरांसाठी त्यावर २००६ मध्ये बंदी आली, पण तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं देशात शेकड्यात एकही उरली नव्हती. इथे अमेरिकेत कॅलिफोर्निया कॉन्डोर या गिधाडाची १९८२ मध्ये अवघी २२ पाखरं राहिली होती. आज ती पुन्हा उडतात, पण त्यांचा सर्वांत मोठा शत्रू अजून शिसंच आहे: शिकाऱ्यांनी रानात टाकलेल्या आतड्या-कोथळ्यातलं. म्हणून कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद केल्या. कोलोरॅडोत तशी बंदी नाही, मला कोणी अडवलं नसतं. पण एकदा मढं खाऊन गिधाडं संपलेली पाहिलेल्या माणसाने रानात शिसं टाकून यावं, हे मला पटेना.

मग अख्ख्या तांब्याची गोळी. बार्न्स कंपनीची टीटीएसएक्स, १६८ ग्रेन, म्हणजे सुमारे अकरा ग्रॅम. टोकाला पोकळी, ती शरीरात उघडते आणि चार पाकळ्या मागे वळतात. वजन जवळजवळ तेवढंच राहतं. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि पुंगळीत दारूची जागा खाते. म्हणून शिशाच्या नेहमीच्या १८० ग्रेनऐवजी १६८. तुकडे पडत नसल्यामुळे हलकी गोळीही खोल जाते, हे शेजाऱ्यांना पटवायला मला महिना लागला.

दुकानातली तयार तांब्याची काडतुसं माझ्या बंदुकीने शंभर यार्डांवर तीन इंचांत विखरून टाकली. त्या विस्ताराने डोंगरात जायचं नाही, एवढं नक्की होतं. शेजाऱ्यांच्या गॅरेजात काडतुसं भरायचा सगळा सरंजाम होता. त्यांनी दोन अटी घातल्या: फोन घरात ठेवून यायचं, आणि टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. चुकीची दारू चुकीच्या पुंगळीत पडली तर बंदूक तोंडाशी फुटते.

काम संथ आहे. वापरलेली पितळी पुंगळी पुसायची, साच्यात दाबून मूळ मापावर आणायची, लांबी वाढली असेल तर कापायची, तोंडाची धार मारायची, नवा प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) बसवायचा. मग दारू काट्यावर, एक दशांश ग्रेनपर्यंत. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. काट्यावर दारूचे दाणे एकेक करून सोडताना आजोबांची मापाची नळी आठवली नसती तरच नवल. पन्नास पुंगळ्या फळीत उभ्या करून टॉर्चने प्रत्येकीत डोकवायचं, पातळी सारखी आहे ना. दारूचा आकडा इथे मुद्दाम देत नाही. तो गोळी बनवणाऱ्याच्या चालू पुस्तकातूनच घ्यावा, सर्वांत खालच्या मापापासून सुरुवात करावी, आणि बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) उघडायला जड गेला किंवा प्रायमर चपटा दिसला तर तिथेच थांबावं. मी कमाल मापाच्या बराच खाली थांबलो, कारण अचूकता तिथेच सापडली.

ती लगेच मात्र सापडली नाही. पहिले पाच गट, म्हणजे एका निशाण्यावर लागोपाठ काढलेले बार, अडीच इंचांत विखुरलेलेच आले. दारू बदलायच्या बेतात होतो, तेव्हा शेजारी म्हणाले, आधी नळी धू. जुन्या गोळ्यांच्या तांब्याचा थर आत चिकटला होता. दोन संध्याकाळी नुसती घासण्यात गेल्या, बोळे निळे निघत होते. नंतर गोळी थोडी आत बसवली. नळीत आतून कोरलेल्या आट्यांपासून सुमारे ०.०५ इंच, म्हणजे इंचाचा विसावा भाग, मागे राहील इतकी. तांब्याच्या गोळीला ही मोकळीक आवडते. पुढचे तीन बार एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील असे बसले. मी एकटाच रेंजवर, आणि मोठ्याने "हां!" म्हणालो.

क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजायच्या यंत्रावर, वेग सेकंदाला २७८० फूट. पसरायला या गोळीला दोन हजारांच्या आसपास वेग हवा, तो तीनशे यार्डांपलीकडेही राहतो. तरी माझी हद्द मी अडीचशे ठरवली, कारण त्यापुढे माझा हात तेवढा भरवशाचा नाही. पाण्याने भरलेले गॅलनचे कॅन ओळीने ठेवून एक बारही काढून पाहिला. पाचव्या कॅनमध्ये गोळी मिळाली, चारही पाकळ्या उमललेल्या. काट्यावर १६७ ग्रेन भरली.

ऑक्टोबरअखेर पुन्हा कोलोरॅडोतल्या राउटच्या रानात गेलो. तिसऱ्या दिवशी पहाटे, एकशे दहा यार्डांवर मादी, आडवी, खांदा समोर. तेच हाड, मुद्दाम नाही, पण तेच. ती वीस पावलं गेली आणि बसली, मग आडवी झाली. मी घड्याळ पाहिलं नाही, पण हातातला बोल्ट अजून मागे ओढलेलाच होता. गोळी आरपार गेली होती. फऱ्यातलं फार तर मूठभर मांस वाया गेलं.

दुपारपर्यंत पाठीवरून मांस उतरवत होतो. शेवटची खेप न्यायला आलो तेव्हा टाकलेल्या कोथळ्यावर डोमकावळे जमले होते, आणि त्यांना बाजूला सारून एक सोनेरी गरुड खात बसला होता. मी झाडाआड उभा राहिलो, त्याचं खाणं आटपेपर्यंत.