फणस पिकायच्या आधी मी गावाहून का निघते

दर मे महिन्यात हाच प्रश्न. सासूबाई विचारतात, जाऊबाई विचारतात, वाडीतल्या आज्या पाणंदीत थांबवून विचारतात, "शाळा जूनात ना गो? मग 20 तारखेला कसली घाई?" आता डोंबिवलीतल्या शेजारणीही विचारायला लागल्या आहेत. मी आजवर "पोरांची तयारी असते" एवढंच सांगत आले. त्यावर सगळ्या माना डोलावतात, आणि कुणाला ते पटलेलं नसतं. आता तुम्हीही तेच विचारलंत म्हणून एकदा सगळं लिहिते.

तयारी असते हे खोटं नाही. आमचं घर एका खोलीचं आणि स्वयंपाकघराचं. त्यात दोन पोरं, कपाट एक, माळा एक. पाऊस लागायच्या आत गोधड्या धुऊन वाळवून माळ्यावर गेल्या नाहीत, तर त्या सप्टेंबरपर्यंत कुबट राहतात. यंदा, 2025 मध्ये, तर पाऊस माझ्या मागोमागच पोचला, 26 मेला मुंबईत मान्सून लागलाही. अर्ध्या गोधड्या दमटच राहिल्या. गणवेशाच्या दुमडी उसवून उंची वाढवायची असते. जुन्या वह्यांची कोरी पानं काढून, दाभणाने शिवून कच्ची वही करायची असते. मधली दोन वर्षं बालभारतीची पुस्तकं चार भागांत, आत कोऱ्या पानांसकट यायची, तेव्हा वह्या कमी लागायच्या. आता ती पानं गेली आणि वह्यांचा ढीग परत आला. शिवाय चौथीपर्यंतच्या वर्गांची शाळा सकाळी 9 च्या आधी भरवायची नाही, असा निर्णय 2024 च्या फेब्रुवारीत झाला. लहान मुलांच्या झोपेसाठी तो चांगलाच आहे. पण आमच्याकडे मोठी 7 ला बाहेर पडते आणि धाकटा त्यानंतर दीड तासाने. दोन वेळा डबे, दोन वेळा दप्तरं, आणि रात्री एकाच खोलीत एकीला दिवा बंद हवा तर दुसऱ्याला चालू. म्हणून प्रत्येकाचा कप्पा ठरलेला, दप्तराची खुंटी ठरलेली. हे बसवायला दिवस लागतात. मी दुकानात कामाला जाते, तेव्हा दिवस म्हणजे संध्याकाळच.

पण एवढ्यासाठी जवळजवळ चार आठवडे लागत नाहीत, हे मलाही कळतं. खरं कारण 2023 चं आहे.

त्या वर्षी धाकटा पहिलीत जाणार होता. आम्ही आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांत राखून ठेवलेल्या, 25 टक्के जागांसाठी अर्ज केला होता. शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत, इंग्रजी माध्यमाची, आणि नंबर लागला तर आठवीपर्यंत फी नाही. सोडतीत निवड झाली नाही, नाव प्रतीक्षा यादीत आलं. प्रतीक्षा यादी म्हणजे नाहीच, असं धरून मी पोरांना घेऊन गावाला गेले. परतीची तिकिटं जूनच्या पहिल्या आठवड्यातली होती. तेव्हाची मी सगळ्यांना सांगायची, शाळेचं शाळा उघडली की बघू, पोरांना आंबे-फणस खाऊ देत.

आमच्या घराशी रेंज नाही. फोन लावायचा तर सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर, जावं लागतं. तीन दिवस मी वर गेले नव्हते. चौथ्या दिवशी गेले आणि मेसेज एकामागून एक पडायला लागले, त्यात तो होता. निवड झाली आहे, मूळ कागदपत्रं घेऊन पडताळणीला या. मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत.

जनरलच्या डब्यात, धाकट्याला मांडीवर घेऊन दिवा स्टेशनला उतरलो. घरी पोचलो तेव्हा रात्र झाली होती. कपाट उघडलं. जन्मदाखला देवघराच्या खणात सापडला. यांचा जातीचा दाखला लग्नाच्या अल्बममध्ये सापडला. भाडेकरार सापडेना.

आम्ही भाड्याने राहतो, त्यामुळे नोंदणी केलेला भाडेकरार हाच आमच्या पत्त्याचा पुरावा. तोही अर्ज भरायच्या आधीच्या तारखेचा लागतो, आज धावत जाऊन नवा करून चालत नाही. लाइट बिल घरमालकाच्या नावावर. घरमालक त्याच्या गावी, साताऱ्याकडे. त्याची प्रत त्याच्या बंद घरात. ज्या एजंटने करार करून दिला होता, त्याचं दुकानही उठलेलं. आम्ही माळा खाली काढला. गाद्या उलट्या केल्या. मोठी तेव्हा चौथी संपवून पाचवीत जाणार होती. ती झोपली नाही. पुस्तकांच्या प्रत्येक पानात बोट घालून ती बघत होती आणि दर थोड्या वेळाने विचारत होती, "आई, पिवळा होता का गं कागद?"

सकाळी करार नसतानाच पडताळणीला गेलो. तिथल्या बाईंनी फाईल दोनदा चाळली आणि करार आणा म्हणाल्या. त्यांना मी आजही दोष देत नाही. नंतर कुणीतरी सांगितलं, दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातून कराराची नक्कल काढता येते. त्या दिवशी ते सांगणारं कुणी नव्हतं, आणि मलाही सुचलं नाही. संध्याकाळ झाली. मुदत संपली.

जून लागला. धाकट्याला मोठीच्याच अनुदानित मराठी शाळेत घातलं. शाळेच्या पहिल्या दिवशी दुपारी मोठी घरी आली ती पळत, चपला न काढता. हातात निळा प्लॅस्टिकचा फोल्डर. चौथीच्या बाईंनी गेल्या वर्षीचे प्रकल्प परत दिले होते. "आई, सापडलं!" इतकी आनंदात होती. प्रकल्पाच्या कागदांमागे करार होता, एक घडीही न मोडलेला. मार्चमध्ये तिला प्रकल्प न्यायला फोल्डर हवा होता आणि तो मीच दिला होता, आत काय आहे ते न बघता.

मी तिला मारलं. तिथेच, दारात. दोन वेळा. ती रडली नाही, फोल्डर पुढे धरूनच उभी राहिली. शेवटपर्यंत शोधत राहिलेली ती एकटी होती आणि करार सापडवलाही तिनेच.

आता सांगा, 20 मेला परत येण्याचा आणि याचा काय संबंध? नवरा हेच विचारतो. तो म्हणतो, "तू महिनाभर आधी आली असतीस तरी फोल्डर शाळेच्या कपाटातच होता ना?" बरोबर आहे त्याचं. मी सबंध घर लावलं असतं तरी तो कागद घरात नव्हता. पण तो घरात नाही हे मला आधी कळलं असतं! नक्कल काढायला दिवस मिळाले असते. मेसेज त्याच दिवशी वाचला असता. हे मी त्याला किती वेळा सांगितलं याची गणती नाही. आणि तो दरवेळी म्हणतो, धाकटा रमलाय ना मराठी शाळेत, मग? रमलाय. तिसरीत चाललाय, घडाघडा वाचतो, बाई त्याच्यावर जीव टाकतात. ती दुसरी शाळा मिळाली असती तर तो सुखी झाला असता, असं मी आता छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. मग इतकी वर्षं मी कशासाठी धावत येते? कुठल्या जागेसाठी? जागा तर गेली.

तिकडे सासूबाई अंगणात उभ्या राहतात. करवंदं संपत आलेली, जांभळं पडायला लागलेली, बरका फणस अजून झाडावर. वर्षभर एकट्या असतात आणि पोरांचे शेवटचे पंधरा दिवस मी त्यांच्याकडून काढून नेते. हे अन्यायाचं आहे. त्यांनी कधी अन्याय म्हटलं नाही, म्हणून ते जास्त लागतं. मी त्यांना कारण सांगितलं नाही, कारण सांगायचं तर दारातलं ते सांगावं लागेल.

कागद आता सगळे एका पेटीत आहेत, प्रत्येकाच्या दोन-दोन प्रती काढलेल्या, आत यादी चिकटवलेली. पंधरा वर्षांची झाल्यावर मोठीच्या आधारचे ठसे पुन्हा द्यायचे आहेत, ती तारीखसुद्धा लिहून ठेवली आहे. या पेटीचा मला अभिमान आहे. तिच्याकडे बघून पोरगी मात्र वेगळीच वागते. घरातला कुठलाही कागद, अगदी दुकानाची पावतीसुद्धा, ती विचारल्याशिवाय उचलत नाही. "आई, हा घेऊ?" मी म्हणते घे. ती उलटून पाठची बाजू बघते आणि मगच घेते. दोन वर्षं झाली. मी तिची माफी मागितली आहे, एकदा रात्री, अंधारात. "ठीक आहे गं," म्हणाली आणि कुशीवर वळली.

यंदा पहिल्यांदाच ती माझ्याबरोबर आली नाही. "तू जा, मी आजीजवळ राहते. माझं मी लावेन आल्यावर," म्हणाली. शाळा 16 जूनला आहे, काकाबरोबर ती त्याआधी येईल. मी हो म्हटलं खरं, पण दिव्याला उतरेपर्यंत तेच डोक्यात होतं. धाकट्याचा कप्पा लावून झाला. तिच्या कप्प्याला मी हात लावलेला नाही.

काल तिचा फोन आला, सड्यावरून. मागे वारा ऐकू येत होता. फणस कापला, आजीने रसाची साठं वाळत घातली होती पण पावसाने वाळेनात, असं सगळं सांगितलं. मग म्हणाली, "आई, माझ्या कप्प्यात तो निळा फोल्डर आहे. मला चित्रकलेला हवाय. त्यात तुझं काही नाही ना, आधी बघून घे."

मी फोन कानाला धरूनच काढून बघितला. रिकामा होता. तसं तिला सांगितलं.

"नक्की ना?" तिने विचारलं. मी पुन्हा उघडून बघितला.