मेक यशस्वी, एसएसएल गायब: सेंटओएस ७ वर पायथन ३.१२ बसवताना (माझा अनुभव)

कॉन्फिगर (बनवण्याआधी मशीन तपासणारी स्क्रिप्ट) कुठेही न अडता संपतं. मेकही (प्रत्यक्ष प्रोग्रॅम बनवणारी आज्ञा) संपतं, इन्स्टॉल होतं, पायथन उघडतं, दोन अधिक दोन चार येतात. मग पिप (पायथनच्या लायब्ररी आणणारं साधन) चालवायला जावं तर ते सांगतं की या पायथनमध्ये एसएसएल (सुरक्षित जोडणीचं) मॉड्यूलच नाही, त्यामुळे काहीही डाउनलोड होणार नाही. ज्या गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप केला नेमकी तीच नाही, आणि वाटेत एकानेही थांबवून सांगितलं नाही. याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितोय.

आधी पार्श्वभूमी. आमच्या साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर सेंटओएस ७ (लिनक्सची एक जुनी आवृत्ती) च्या सर्व्हरवर चालतं. मला हवं होतं ते साधं होतं: उसाची ट्रॉली काट्यावरून उतरली की टनेजचा मेसेज शेतकऱ्याच्या मोबाइलवर जावा. मेसेज पाठवणाऱ्या कंपनीची लायब्ररी पायथन ३.१० च्या खाली चालत नाही. मशीनवर होतं २.७.५, ज्यावर यम (सिस्टीमची पॅकेजं बसवणारं साधन) चालतं, आणि शिवाय ३.६.८. ओएस बदलण्याचा विषय काढला की काट्याचं सॉफ्टवेअर देणाऱ्यांचा माणूस फोनवर म्हणायचा, "साहेब, चालतंय ना? मग हात लावू नका." डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवण्याची सोय) का नाही, असं विचारणाऱ्यांसाठी: देखभालीच्या करारात नवीन सेवा बसवायची नाही असं कलम आहे. राहिला एकच मार्ग. सोर्स, म्हणजे मूळ कोड, आणायचा आणि वेगळ्या फोल्डरमध्ये बिल्ड करायचा.

यमचं दुखणं थोडक्यात सांगतो. सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली आणि त्यानंतर मिररलिस्टचा (पॅकेजं कुठून घ्यायची त्या सर्व्हरांच्या यादीचा) पत्ताच सापडेनासा झाला. यमच्या रेपो फाइलींमध्ये मिररलिस्टच्या ओळी बंद करून बेसयूआरएलमध्ये व्हॉल्टचा (जुन्या आवृत्त्यांच्या साठ्याचा) पत्ता टाकला की पॅकेजं येतात. जीसीसी (कंपाइलर) आणि मेक घ्या; शिवाय झेडलिब, बीझिप२, एक्सझेड, लिबएफएफआय, एसक्यूलाइट, रीडलाइन यांची डेव्हल (बिल्डला लागणाऱ्या फाइलींची) पॅकेजं घ्या. लिबएफएफआय विसरलं तर सी-टाइप्स (सी भाषेतल्या लायब्ररी वापरू देणारं मॉड्यूल) मिळत नाही, आणि ते कळतं फार उशिरा.

आता मुख्य गोष्ट.

पायथन ३.१० पासून ओपनएसएसएल (एसएसएलचं प्रत्यक्ष काम करणारी लायब्ररी) १.१.१ किंवा त्याच्या पुढचं लागतं. सेंटओएस ७ मध्ये आहे १.०.२. म्हणजे आधी ओपनएसएसएलही सोर्समधूनच. १.१.१ चा पाठिंबा सप्टेंबर २०२३ मध्ये संपलेला, त्यामुळे ३.० घेतलं. तिथे पर्लचं आयपीसी-कमांड मॉड्यूल नाही म्हणून एकदा अडलं, ते यमवरून आलं, पुढे सुरळीत. ऑप्ट फोल्डरमध्ये 'ओपनएसएसएल३' नावाने बसवलं. मग पायथनच्या कॉन्फिगरला 'विथ-ओपनएसएसएल' या पर्यायात हाच पत्ता दिला. मेक संपल्यावर शेवटच्या ओळी आल्या: एसएसएल मॉड्यूल बनवता आलं नाही, पायथनला ओपनएसएसएल १.१.१ किंवा नवीन हवं.

अरे, नवीनच तर दिलंय! ३.० हे १.१.१ पेक्षा नवीन नाही तर काय आहे?

या संदेशाने माझे सर्वांत जास्त तास खाल्ले. तो वाचून माणूस आवृत्तीच्या मागे लागतो. मी ओपनएसएसएलची आवृत्ती तपासली, बरोबर. हेडर फाइलमधला (लायब्ररीत काय काय आहे ते कंपाइलरला सांगणारी फाइल) आकडा बघितला, बरोबर. इंटरनेटवर जे जे सांगतात ते केलं. एलडी-लायब्ररी-पाथ सेट करा, म्हणे. पण तो लागतो प्रोग्रॅम चालताना, आणि इथे अडचण होती बनवताना लायब्ररी जोडण्याच्या वेळची. पॅकेज-कॉन्फिगचा (लायब्ररी कुठे आहे ते सांगणाऱ्या साधनाचा) पाथ द्या, म्हणे. तोही दिला. नंतर कॉन्फिगरची स्क्रिप्ट उघडून वाचली तेव्हा कळलं की 'विथ-ओपनएसएसएल' हा पर्याय दिला की पॅकेज-कॉन्फिगकडे ती ढुंकूनही बघत नाही. दोन्ही एकदम देणाऱ्याला दोन उपाय केल्याचं समाधान मिळतं, लागू होतो एकच.

कॉन्फिगरचं आउटपुट लांबलचक असतं, शेकडो ओळी, बहुतेक 'येस'. त्यात ओपनएसएसएलच्या ओळी शोधून काढल्या. हेडर फाइल ओपनएसएसएल३ मध्ये आहे का? येस. ओपनएसएसएलशी कंपाइल आणि लिंक होतं का? येस. एसएसएल मॉड्यूलला लागणाऱ्या सुविधा ओपनएसएसएल देतं का? नो. हॅशलिब या मॉड्यूलला लागणाऱ्या? नो. आणि एवढं दोनदा 'नो' म्हणून स्क्रिप्ट पुढे निघाली, मेकफाइल बनवली, संपली. तालुक्याच्या कचेरीत कागद कमी असताना अर्ज घेऊन, शिक्का मारून, पोच हातात देणारा कारकून असतो ना, तसं हे. पायथनवाल्यांच्या लेखी एसएसएल हे ऐच्छिक मॉड्यूल आहे. असेल. पण एसएसएल नसलेल्या पायथनवर पिप चालत नाही, आणि पिप नसलेलं पायथन आज कुणाला हवंय?

खरं कारण होतं कॉन्फिग-लॉगमध्ये. ही फाइल सोर्सच्या फोल्डरमध्येच तयार होते, हजारो ओळींची असते, म्हणून कोणी उघडत नाही. त्यात 'प्रोव्हाइड्स रिक्वायर्ड' असं शोधा. त्या ओळीखाली कॉन्फिगरने जीसीसीला दिलेली पूर्ण आज्ञा असते आणि तिच्याखाली जीसीसीचं उत्तर. माझ्याकडे उत्तर होतं, टीएलएस-क्लायंट-मेथड नावाचं फंक्शन सापडलं नाही, 'अनडिफाइन्ड रेफरन्स'. त्याखाली तशाच आणखी ओळी.

हे फंक्शन १.०.२ मध्ये नाही, १.१.० पासून आहे. म्हणजे हेडर नवीन वाचली जात होती आणि लायब्ररी जोडली जात होती जुनी. आज्ञा परत शांतपणे वाचली. हेडरसाठीचा पत्ता बरोबर. लायब्ररीसाठीचा पत्ता ओपनएसएसएल३ च्या खालचं 'लिब'. मी त्या फोल्डरची यादी काढली. बिन, इन्क्लूड, लिब६४, एसएसएल. 'लिब' नाहीच!

झालं होतं असं. ओपनएसएसएल ३.० हे ६४ बिट लिनक्सवर आपल्या लायब्ररी 'लिब६४' मध्ये टाकतं. १.१.१ सहसा 'लिब' मध्ये टाकायचं, आणि गूगलवर वर येणाऱ्या बहुतेक सूचना १.१.१ च्या काळात लिहिलेल्या आहेत, म्हणून त्यांत याचा उल्लेख नाही. पायथनचं कॉन्फिगर मात्र डोळे झाकून 'लिब' असंच जोडतं. नसलेल्या फोल्डरचा पत्ता दिला तर लिंकर (लायब्ररी जोडणारा प्रोग्रॅम) तक्रार करत नाही, सोडून देतो आणि पुढे सिस्टीमच्या फोल्डरमध्ये शोधतो. तिथे काट्याच्या सॉफ्टवेअरसाठी कधीकाळी बसवलेलं १.०.२ चं डेव्हल पॅकेज होतं. दुसऱ्या चाचणीत विचारलेलं फंक्शन जुन्यातही आहे, म्हणून 'येस'. तिसऱ्यात नवीन फंक्शन लागतं, म्हणून 'नो'. ते जुनं पॅकेज नसतं तर दुसऱ्याच चाचणीत 'नो' आलं असतं आणि माझं काम कितीतरी लवकर झालं असतं. ते काढायचं नाही, कारण हात लावायचा नाही!

उपाय एका ओळीचा. ओपनएसएसएल बनवतानाच 'लिबडिर' हा पर्याय 'लिब' असा द्यायचा. बनवून झालं असेल तर त्या फोल्डरमध्ये लिब६४ कडे बोट दाखवणारी 'लिब' नावाची सिमलिंक टाकली तरी भागतं. मी सिमलिंक टाकली, पायथनच्या सोर्समध्ये 'मेक डिस्टक्लीन' केलं, कॉन्फिगर पुन्हा चालवलं, आणि चारही ओळींत 'येस' दिसल्यावर टेबलावर जोरात हात मारला. काट्यावरचा क्लार्क धावत आला, त्याला वाटलं काटा बंद पडला.

डिस्टक्लीन वगळू नका. जुन्या फाइली राहिल्या की नवीन पर्याय लागू झाले की नाही हेच कळत नाही.

आणखी एक पर्याय याच वेळी द्यायचा: 'विथ-ओपनएसएसएल-आरपाथ', किंमत 'ऑटो'. चालताना लायब्ररी कुठे शोधायची तो पत्ता याने मॉड्यूलमध्येच लिहिला जातो. हा नसेल तर मॉड्यूल बनतं, पण मेकच्या शेवटी संदेश येतो की बनलं खरं पण इम्पोर्ट झालं नाही म्हणून काढून टाकलं. कारण चालताना लिबएसएसएलची नवीन फाइल कुठे आहे हे त्याला माहीत नसतं. काही जण त्यासाठी एलडी-सो-कॉन्फमध्ये नवीन फोल्डरची नोंद करायला सांगतात. चालू सर्व्हरवर ते करू नका. सगळ्या मशीनच्या लायब्ररी शोधण्याच्या वाटेत आपलं फोल्डर कशाला घालायचं? आरपाथ फक्त आपल्या पायथनपुरता राहतो.

मध्येच आठवलं म्हणून सांगतो, 'एनेबल-ऑप्टिमायझेशन्स' हा पायथनचा वेग वाढवणारा पर्याय सगळीकडे सुचवलेला दिसेल. सेंटओएस ७ चं जीसीसी ४.८.५ आहे. एवढ्या जुन्या जीसीसीवर हा पर्याय दिला की बिल्ड भलत्याच ठिकाणी, रनपाय मॉड्यूल इम्पोर्ट होत नाही अशा संदेशाने कोसळतो. जीसीसी ८ किंवा त्याच्या पुढचं नसेल तर तो पर्याय काढून टाका. पायथन थोडं हळू चालेल. ट्रॉलीमागे एक मेसेज पाठवायला तेवढा वेग पुरतो.

बिल्ड फसला की 'मेक जे४' च्या ऐवजी नुसतं 'मेक' चालवा. चार कामं एकदम चालू असली की एररचा संदेश कुठल्या फाइलचा हे ओळखता येत नाही. आणि शेवटच्या वीसेक ओळी वाचल्याशिवाय इन्स्टॉलकडे जाऊ नका. कुठली ऐच्छिक मॉड्यूलं मिळाली नाहीत त्याची यादी तिथेच असते. टी-के-इंटर (स्क्रीनवर खिडक्या-बटणं दाखवणारं मॉड्यूल) नसलं तर सर्व्हरवर बिघडत नाही. यादीत एसएसएल, हॅशलिब, झेडलिब, सी-टाइप्स यांपैकी एक जरी दिसलं तर तिथेच थांबा.

इन्स्टॉल करताना 'मेक ऑल्टइन्स्टॉल'. त्याने फक्त 'पायथन३.१२' या नावाची आज्ञा तयार होते, आधीच्या 'पायथन३' ला धक्का लागत नाही. 'पायथन' ही मूळ आज्ञा नव्याकडे वळवण्याचा मोह कुणाला झाला तर यम पहिल्याच फटक्यात सिंटॅक्स एररने मरतं, कारण ते पायथन २ मध्ये लिहिलेलं आहे.

पिप चाललं, लायब्ररी आली, आणि आता सुटलो असं वाटत असताना माझ्या स्क्रिप्टने सर्टिफिकेट (समोरचा सर्व्हर खरा असल्याचा दाखला) तपासता आलं नाही म्हणून मेसेजच्या सर्व्हरशी बोलायला नकार दिला. पिपला चालतं आणि स्क्रिप्टला नाही, हे बघून डोकं पुन्हा फिरायला लागलं होतं. पण यावेळी कॉन्फिग-लॉगने लावलेली सवय कामी आली, आधी विचारलं की तू बघतोयस कुठे. पायथनच्या एसएसएल मॉड्यूलमध्ये 'गेट-डिफॉल्ट-व्हेरिफाय-पाथ्स' नावाचं फंक्शन आहे, ते सर्टिफिकेटांची फाइल कुठे शोधतो हे सांगतं. उत्तर आलं, ओपनएसएसएल३ च्या एसएसएल फोल्डरमधली सर्ट-पेम. ती फाइल तिथे नव्हती. सोर्समधून बसवलेल्या ओपनएसएसएलबरोबर सर्टिफिकेटं येत नाहीत, आणि पिप स्वतःची गाठोडी सोबत घेऊन फिरतं म्हणून त्याचं अडलं नाही. सिस्टीमची सर्टिफिकेट फाइल पीकेआय फोल्डरमध्ये असते, तिची सिमलिंक सर्ट-पेम नावाने त्या जागी टाकली आणि काम झालं. मात्र ओएसची मुदत संपल्यामुळे ती सिस्टीमची फाइलही आता आपोआप ताजी होत नाही. कधी तरी हाताने बदलावी लागेल, हे लक्षात असू द्या. तपासणी बंद करा असं सांगणारे उपायही सापडतील. शेतकऱ्यांचे मोबाइल नंबर त्या जोडणीवरून जाणार असतील तर ते करू नका.

आता मेसेज जातात. गव्हाणीवर ट्रॉली रिकामी होण्याआधी शेतकऱ्याला टनेज कळतं, आणि दोन जणांनी पावतीवरचा आकडा मेसेजशी ताडून बघितल्याचं क्लार्कने सांगितलं, तेव्हा बरं वाटलं.

कॉन्फिगरची पूर्ण आज्ञा एका फाइलमध्ये लिहून सर्व्हरवरच ठेवली आहे, कारण हे पुन्हा करावं लागणार आहे. ओपनएसएसएल ३.० चा पाठिंबा सप्टेंबर २०२६ पर्यंतच आहे. त्याआधी ओएस बदला असा अर्ज मी दिलाय. काट्याच्या सॉफ्टवेअरवाल्यांचं उत्तर आलं, हंगाम संपल्यावर बघू.