नवा गेमिंग लॅपटॉप: मोजणी, रॅम, एसएसडी आणि वॉटांचा हिशेब

मशीन: १६ इंची, इंटेल आय७-१३६५०एचएक्स, एनव्हिडिया आरटीएक्स ४०६० (१४० वॉटवाली आवृत्ती), १६ जीबी डीडीआर५ रॅम पण एकाच स्टिकमध्ये, ५१२ जीबी एसएसडी, १६५ हर्ट्झचं पॅनेल, २३० वॉटचा चार्जर.

करायचं होतं ते: रॅम ३२ जीबी, मोकळ्या स्लॉटमध्ये २ टीबी एसएसडी, तापमान आणि पंख्यांचा आवाज आटोक्यात. आजची स्थिती: रॅम आणि एसएसडी झालं, अंडरव्होल्टचं (चिपला कमी व्होल्टेज देऊन थंड ठेवण्याचं) काम सुरू आहे, थर्मल शीट (चिप आणि हीटसिंकमध्ये बसणारी उष्णता वाहणारी पातळ पट्टी) बाकी.

खोलण्याआधीची मोजणी

नवं मशीन आलं की स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यावासा वाटतो. तो बाजूला ठेवून आधी मूळ अवस्थेतले आकडे लिहून घ्यायचे. नंतर काही बिनसलं, तर दोष कारखान्यातून आला की आपल्या हातून झाला, हे ठरवायला दुसरा कुठलाच आधार नसतो.

एचडब्ल्यूइन्फो (तापमान आणि वॉट दाखवणारं सॉफ्टवेअर) फक्त सेन्सर दाखवण्याच्या मोडमध्ये सुरू करून लॉग फाइल चालू ठेवावी आणि सिनेबेंच आर२३ मल्टीकोअर (सीपीयूवर पूर्ण भार टाकणारी चाचणी) पूर्ण दहा मिनिटं चालवावं. स्कोअरइतकीच महत्त्वाची नोंद ‘सीपीयू पॅकेज पॉवर’ची. इंटेलच्या तपशिलात या प्रोसेसरची बेस पॉवर ५५ वॉट आणि कमाल टर्बो १५७ वॉट आहे. प्रत्यक्षात किती आणि किती सेकंद द्यायचं, हे लॅपटॉप बनवणारा ठरवतो. त्यामुळे पहिल्या फेरीचा स्कोअर कायम चढा येतो. खरा आकडा दहाव्या मिनिटाचा. खोलीचं तापमानही शेजारी लिहावं, कारण खोली पाच अंशांनी तापली की पंख्यांचा वेग तोच असताना चिपही साधारण तेवढीच वर जाते. उन्हाळ्यातले आकडे हिवाळ्यातल्या आकड्यांशी ताडून लोक चिपवरच्या थर्मल पेस्टला शिव्या घालतात.

पॉवरसीएफजी या विंडोजच्या कमांडने बॅटरी रिपोर्ट काढून डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी टिपून ठेवावी. पॅनेलवर एकेक सपाट रंग लावून मेलेले पिक्सेल बघावेत, सगळ्या की आणि सगळे पोर्ट तपासावेत. बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत हे उरकलेलं बरं. डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट खरंच १६५ वर आहे ना तेही बघावं; तो ६० वर राहिलेला असणं ही फार जुनी गंमत आहे.

बिटलॉकर, बायॉस, व्हीएमडी

या तिघांचा क्रम चुकला की नवं मशीन बंद पडल्यासारखं वाटतं, म्हणून जरा सविस्तर. बिटलॉकर म्हणजे ड्राइव्ह कुलूपबंद करणारं विंडोजचं एन्क्रिप्शन, बायॉस म्हणजे मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर, आणि व्हीएमडी म्हणजे ड्राइव्ह हाताळणारी इंटेलची सोय.

विंडोज ११ होममध्येही मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ बहुतेक वेळा न विचारता सुरू होतं. बायॉस अपडेट केलं, सिक्युअर बूट बदललं किंवा टीपीएम (किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप) साफ केलं, की पुढच्या बूटला निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती खात्यात दिसते का ते आधीच बघावं आणि कागदावर किंवा दुसऱ्या यंत्रावर उतरवून ठेवावी. त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर ठेवलेली की कुलपाच्या आत ठेवलेल्या किल्लीसारखी.

बायॉस अपडेटआधी ॲडमिन टर्मिनलमधून मॅनेज-बीडीई ही बिटलॉकरची कमांड वापरून सी ड्राइव्हचे प्रोटेक्टर (कुलपाचं संरक्षण) तात्पुरते बंद करावेत. नुसती कमांड दिली तर संरक्षण एका रीस्टार्टनंतर आपोआप परत सुरू होतं, आणि काही अपडेट दोन-तीनदा रीस्टार्ट घेतात. म्हणून रीबूट काउंट (किती रीस्टार्टपर्यंत संरक्षण बंद राहील तो आकडा) वाढवून द्यावा. चार्जर लावलेला असावा, बॅटरीही बऱ्यापैकी भरलेली असावी. अपडेट सुरू असताना पडदा काळा आणि पंखे पूर्ण वेगात, असं काही मिनिटं राहू शकतं. त्या वेळी पॉवर बटण दाबणं म्हणजे मदरबोर्ड सेवाकेंद्रात पाठवण्याची तयारी.

अपडेटनंतर बायॉसची सेटिंग मूळ पदावर येऊ शकतात, आणि त्यातलं सर्वांत त्रासदायक सेटिंग म्हणजे व्हीएमडी. ते चालू असताना विंडोज कोरं टाकायला गेलं, तर इन्स्टॉलर एकही ड्राइव्ह दाखवत नाही आणि एसएसडी मेली असं वाटतं. उपाय सोपा: इंटेल आरएसटीचा (स्टोरेजचा) ड्रायव्हर पेनड्राइव्हवर सुटा करून ठेवायचा (सेटअपची एक्झी फाइल चालत नाही, आयएनएफ फाइली लागतात) आणि ‘लोड ड्रायव्हर’मधून द्यायचा. वायफायचा ड्रायव्हरही त्याच पेनड्राइव्हवर असू द्यावा. इन्स्टॉलरमध्ये तो नसला तर पुढे इंटरनेटशिवाय अडकायला होतं.

उलट, विंडोज टाकून झाल्यावर व्हीएमडी चालू-बंद केलं की ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ची निळी पाटी येते. सेटिंग होतं तसं केलं की गाडी रुळावर येते. मुद्दाम बदलायचंच असेल, तर आधी प्रोटेक्टर बंद करावेत, एमएसकॉन्फिगमध्ये सेफ बूट लावावं, रीस्टार्ट करून थेट बायॉसमध्ये जाऊन सेटिंग बदलावं, एकदा सेफ मोडमध्ये बूट होऊ द्यावं आणि मग सेफ बूटची खूण काढावी. रेड (अनेक ड्राइव्ह एकत्र जोडून वापरणं) न करणाऱ्याला व्हीएमडीचा फारसा फायदा नाही, पण चालत्या मशीनवर ते बंद करण्याचाही नाही. इथे ते आहे तसं ठेवलं.

रॅम

एका स्टिकचं मशीन म्हणजे अर्ध्या रुंदीचा रस्ता. डीडीआर५-४८०० ची एक स्टिक ६४ बिटवर सेकंदाला ३८.४ जीबीची बँडविड्थ देते. दोन लावल्या की ७६.८. इंटिग्रेटेड ग्राफिक्सवर आणि सीपीयूवर अडणाऱ्या गेममध्ये फरक चटकन जाणवतो. सीपीयू-झेडमध्ये एकाच स्टिकलाही दोन ३२ बिट चॅनल दिसतात आणि ‘ड्युअल चॅनल आहे की’ म्हणून लोक निवांत होतात. डीडीआर५ ची प्रत्येक स्टिक आतून दोन ३२ बिट उपचॅनलमध्ये विभागलेली असते, म्हणून ते तसं दिसतं. एकूण रुंदी ६४ च आहे.

निवड करताना दोन गोष्टी. हा प्रोसेसर अधिकृतपणे ४८०० पर्यंतच रॅम चालवतो, त्यामुळे ५६०० ची स्टिक घातली तरी ती ४८०० वरच उतरते. बिघडत काही नाही, पण ५६०० च्या आशेने घेऊ नये. दुसरं, ८ जीबीच्या दोन स्टिक शक्यतो टाळाव्यात. त्यांच्यावर सहसा १६ बिटच्या चारच चिप असतात, बँक ग्रुप (चिपच्या आतले मेमरीचे गट) निम्मे होतात आणि तोच वेग लिहिलेला असूनही त्या मागे पडतात. स्टिकरवर ‘१आरएक्स८’ की ‘१आरएक्स१६’ (८ बिटच्या चिप की १६ बिटच्या) ते वाचावं. इथे मूळ १६ जीबी स्टिक १आरएक्स८ होती, दुसरी तशीच घेतली. डीडीआर५ सोडिमला २६२ पिना असतात, डीडीआर४ ला २६०, खाचही वेगळ्या जागी. बसत नसेल तर जोर लावू नये, लेबल परत वाचावं.

बसवताना शिफ्ट दाबून शटडाउन करावं, नाहीतर फास्ट स्टार्टअपमुळे मशीन पूर्ण बंद होत नाही. चार्जर काढावा. पीएच० टोकाचा ड्रायव्हर घ्यावा, आणि स्क्रू ज्या जागचे तसेच कागदावर मांडून ठेवावेत, कारण लांबी सारखी नसते. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला की वरच्या बाजूला कीबोर्डजवळ फुगवटा येतो. झाकण प्लास्टिकच्या पातीनेच उचलावं. आत गेल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं. वायर धरून ओढायचं नाही, कनेक्टरच्या कडांना धरून सरळ मागे सरकवायचं. मग पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून उरलेला चार्ज घालवायचा. स्टिक साधारण ३० अंशांच्या कोनात आत ढकलायची, सोनेरी पट्टी जवळजवळ दिसेनाशी झाली की खाली दाबायची. दोन्ही बाजूंच्या क्लिपांचा आवाज यायला हवा. रॅमवर पत्र्याचं किंवा काळ्या फिल्मचं आवरण असेल तर ते परत जागेवर लावावं.

आणि आता सर्वांत जास्त घाबरवणारा भाग: पहिलं बूट. कीबोर्डचे दिवे लागतात, पंखा फिरतो, पडदा मात्र काळाच. हे मेमरी ट्रेनिंग, म्हणजे प्रोसेसर नव्या रॅमशी जुळवून घेतोय. काही मिनिटं लागतात, मध्ये स्वतःहून एक-दोन रीस्टार्टही होतात. तेव्हा बटण दाबून बंद केलं की ट्रेनिंग पहिल्यापासून. दहा मिनिटांनीही काही दिसलं नाही, तर मात्र बॅटरी काढून एकेक स्टिक एकेका स्लॉटमध्ये लावून बघायची, म्हणजे दोष स्टिकचा की स्लॉटचा ते कळतं.

नंतर रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ चे चारही पास. ३२ जीबीला कित्येक तास जातात, रात्री लावून झोपावं. एकही एरर चालत नाही. ‘डीडीआर५ ला ईसीसी (मेमरीतल्या चुकांची आपोआप दुरुस्ती) असतंच’ हे अर्धसत्य आहे. चिपच्या आतली दुरुस्ती चिपपुरती, स्टिक ते प्रोसेसर या वाटेवरच्या चुका ती पकडत नाही.

एसएसडी

इथे फार काही घडलं नाही. २२८० माप (८० मिमी लांब), जेन ४ (पीसीआयईची चौथी पिढी), एका बाजूलाच चिप असलेली निवडली, कारण दुसऱ्या स्लॉटखाली जागा कमी आहे. थर्मल पॅडवरची पारदर्शक फिल्म काढायची राहते, ही हमखास होणारी चूक. ती राहिली की पॅड असून नसल्यासारखा. एसएसडीवरचं स्टिकर मात्र काढू नये. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जीपीटी म्हणून इनिशिअलाइज केल्यावर २ टीबीचे १८६३ जीबी दिसतात, कमी भरलेली नाही. मोठी फाइल टाकताना सुरुवातीचा वेग काही वेळाने धपकन पडतो तो एसएलसी कॅश (एसएसडीतला वेगवान तात्पुरता साठा) भरल्यामुळे. तापमान ठीक असेल तर तो दोष धरू नये. विंडोज जुन्या ड्राइव्हवरच ठेवलं. क्लोनिंगच्या भानगडीत पडण्याइतका फायदा दिसला नाही.

वॉट कुठे जातात

आरटीएक्स ४०६० लॅपटॉप चिपसाठी एनव्हिडियाने ३५ ते ११५ वॉटची मोकळीक दिली आहे, वर डायनॅमिक बूस्टचे (सीपीयूचे उरलेले वॉट ग्राफिक्सला देणाऱ्या सोयीचे) २५. त्यामुळे नाव एक आणि कामगिरी भलतीच, असे दोन लॅपटॉप सहज निघतात. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलच्या सिस्टिम इन्फॉर्मेशनमध्ये आपल्या मशीनचा कमाल आकडा दिसतो. तो दिसतो म्हणून खेळताना तेवढे वॉट घेतले जातीलच असं नाही. सीपीयू जास्त खाऊ लागला की डायनॅमिक बूस्ट हात आखडता घेतो.

यूएसबी-सी चार्जरवर अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात. जुन्या पीडी (यूएसबी पॉवर डिलिव्हरी) मानकात २० व्होल्ट, ५ अँपिअर म्हणजे १०० वॉट ही हद्द. ३.१ मध्ये २४० पर्यंत जाता येतं, पण लॅपटॉपच्या पोर्टलाही तेवढं घेता आलं पाहिजे. कमी पडलं की बॅटरीतून उपसा होतो आणि चार्जर लावलेला असतानाही टक्के घसरतात.

एक दोष वारंवार दिसतो. तापमान पन्नाशीत, पंखे शांत, आणि तरी मशीन रांगतंय. टास्क मॅनेजरमध्ये क्लॉक ०.४ गिगाहर्ट्झवर चिकटलेला. एचडब्ल्यूइन्फोत प्रोचॉटच्या (सीपीयूला वेग कमी करायला लावणाऱ्या इशाऱ्याच्या) ओळीपुढे ‘यस’. चार्जर ओळखला गेला नाही किंवा कमी वॉटचा आहे असं एम्बेडेड कंट्रोलरला (मदरबोर्डवरच्या देखरेख करणाऱ्या चिपला) वाटलं, की तो सीपीयूला असा लगाम घालतो. पिन नीट बसली आहे का बघावं, एक्स्टेन्शन बोर्ड टाळून थेट भिंतीच्या सॉकेटला लावावं, मग चार्जर काढून, मशीन बंद करून पॉवर बटण तीस-चाळीस सेकंद दाबावं. थ्रॉटलस्टॉप या सॉफ्टवेअरमध्ये ‘बीडी प्रोचॉट’ची खूण काढली की वेग परत येतो खरा, पण तो संरक्षणाचा इशारा आहे, चार्जर किंवा त्याचा सॉकेट बिघडलेला असेल तर खूण काढून बिघाड फक्त झाकला जातो.

मक्स स्विच (पडदा कोणत्या ग्राफिक्सला जोडायचा ते ठरवणारा) हायब्रिडवरच ठेवला आहे. थेट ग्राफिक्स कार्डवर टाकलं तर फ्रेम वाढतात, पण बॅटरीवर ते कार्ड कधी झोपतच नाही. बऱ्याच मशीनवर एचडीएमआय पोर्ट त्याच कार्डाला जोडलेला असतो, त्यामुळे बाहेरचा मॉनिटर लावला की नुसत्या ब्राउझरलाही मशीन कोमट राहतं. आणखी एक चकवा: एनव्हिडिया-एसएमआय किंवा सेन्सर दाखवणारं सॉफ्टवेअर झोपलेल्या कार्डाला विचारपूस करून जागं करतं. बॅटरी किती टिकते ते मोजताना ही सगळी बंद ठेवावीत.

अंडरव्होल्ट

प्लंडरव्होल्ट हा (व्होल्टेज खाली आणून प्रोसेसरची सुरक्षा फोडता येण्याचा) दोष डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झाल्यापासून बहुतेक लॅपटॉपवर हे कुलूपबंद असतं. एचएक्स मालिकेत बायॉसमध्ये पर्याय असेल तरच पुढे जावं. विंडोजची मेमरी इंटेग्रिटी ही सुरक्षा सोय चालू असेल तरीही थ्रॉटलस्टॉपचे आकडे लागू होत नाहीत. कोअर आणि कॅश एकाच व्होल्टेजवर चालतात, म्हणून दोन्हींना सारखाच ऑफसेट (व्होल्टेजमधली घट) द्यावा. फक्त कोअर खाली आणून काही हाती लागत नाही. उणे ५० मिलिव्होल्टपासून सुरुवात, मग दहादहाच्या पायऱ्या. पूर्ण भाराची चाचणी पास झाली म्हणजे झालं असं नाही. क्रॅश बहुधा रिकाम्या बसलेल्या मशीनवर किंवा झोपेतून उठताना होतात. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया-लॉगरची (हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या यंत्रणेची) १९ क्रमांकाची नोंद दिसली की एक पायरी मागे यावं, मशीन वरवर कितीही ठणठणीत वाटो.

उरलेलं

झोपेचा मोड: पॉवरसीएफजीला उपलब्ध स्थिती विचारल्यावर फक्त एस० (झोपेतही अर्धवट जागं राहणं) मिळतो, एस३ (खरी गाढ झोप) नाही. बॅगेत लॅपटॉप तापतो तो यामुळे. झाकण मिटल्यावर हायबरनेट लावलं आहे. हायबरनेटची फाइल डीफॉल्टने रॅमच्या ४० टक्के असते, म्हणजे ३२ जीबीला सुमारे १३ जीबी सी ड्राइव्हवर गेले.

थर्मल शीट: हनीवेल पीटीएम७९५० ठरवली आहे. साधी पेस्ट लॅपटॉपच्या उघड्या डायवरून (चिपच्या झाकण नसलेल्या पृष्ठभागावरून) तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांत कडेला सरकते. ही शीट सुमारे ४५ अंशांना मऊ होऊन पसरते आणि जागा सोडत नाही. लावण्याआधी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवली की फिल्म नीट सुटते. हीटसिंकचे स्क्रू त्यावर छापलेल्या क्रमानेच, थोडे थोडे करत आवळायचे. पण सध्या पी-कोअरांच्या (सीपीयूच्या वेगवान कोअरांच्या) तापमानात आपसात फारसा फरक नाही, म्हणजे हीटसिंक नीट बसलेला आहे. सारख्या भाराखाली सर्वांत गरम आणि सर्वांत थंड पी-कोअरमधला फरक १० अंशांच्या वर गेला की खोलायचं, तोवर कारखान्याची पेस्ट राहू दे.