पेनड्राइव्हवर जागा आहे, तरी फाइल का जात नाही?

पेनड्राइव्हवर २५ जीबी मोकळे दिसतात, व्हिडिओ जेमतेम ५ जीबीचा असतो, आणि तरी विंडोज म्हणतं की फाइल फार मोठी आहे. पेनड्राइव्ह खराब नाही आणि विंडोजही खोटं बोलत नाही. ड्राइव्ह फॅट३२ या फाइली साठवण्याच्या जुन्या पद्धतीत (फाइल सिस्टिममध्ये) फॉरमॅट केलेला आहे, एवढंच.

फॅट३२ मध्ये प्रत्येक फाइलची एक नोंद असते आणि त्या नोंदीत आकार लिहायला ३२ बिटांचा रकाना असतो. त्यात मावणारा सर्वांत मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५ बाइट, म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी. ड्राइव्ह ८ जीबीचा असो की १२८ जीबीचा, रकाना तेवढाच. त्यामुळे जागा करण्यासाठी जुने फोटो उडवून काहीही साधत नाही.

उपाय एक्सफॅट, म्हणजे ही ४ जीबीची मर्यादा नसलेली नवी फाइल सिस्टिम. ‘धिस पीसी’मध्ये ड्राइव्हवर राइट क्लिक करा, ‘फॉरमॅट’ निवडा, ‘फाइल सिस्टिम’मध्ये एक्सफॅट घ्या, ‘अ‍ॅलोकेशन युनिट साइझ’ला हात लावू नका, ‘क्विक फॉरमॅट’ची खूण राहू द्या आणि ‘स्टार्ट’ दाबा. त्याआधी ड्राइव्हवरचं सगळं दुसरीकडे कॉपी केलेलं हवं, कारण फॉरमॅट केलं की डेटा पुसला जातो. मॅकवर ‘डिस्क युटिलिटी’त आधी ‘व्ह्यू’मधून ‘शो ऑल डिव्हायसेस’ करा आणि आतलं पार्टिशन न निवडता सगळ्यात वरचा ड्राइव्ह निवडा. ‘इरेज’मध्ये एक्सफॅट आणि ‘स्कीम’मध्ये ‘मास्टर बूट रेकॉर्ड’ घेतलं की तोच ड्राइव्ह विंडोजवरही विनातक्रार चालतो. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, आवृत्ती ५.४ पासून एक्सफॅटचा ड्रायव्हर आहे.

एक्सफॅटची एक खोड मात्र माहीत असावी. ३२ जीबीपेक्षा मोठ्या ड्राइव्हला विंडोज १२८ केबीचे कप्पे पाडतं आणि एका कप्प्यात एकच फाइल राहते. २ केबीच्या १०,००० फाइली टाकल्या तर खरा डेटा २० एमबीच्या आसपास, पण जागा जाते सव्वा जीबी. ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘साइझ’ आणि ‘साइझ ऑन डिस्क’ हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा, चोरी लगेच पकडली जाते. अशा बारीकसारीक फाइली न्यायच्या असतील तर सरळ झिप करून न्या. कॉपीही कितीतरी लवकर होते.

फॅट३२ ची आणखी एक मर्यादा फारशी कुणाला ठाऊक नसते. एका फोल्डरमध्ये साधारण ६५ हजार नोंदी मावतात आणि लांब नावाची फाइल एकाहून जास्त नोंदी खाते, दर १३ चिन्हांना एक आणि वर छोट्या नावाची एक. ‘वार्षिक अहवाल’ ही दिसायला सात अक्षरं, पण काना, वेलांटी, रफार आणि मधली मोकळी जागा धरून चिन्हं होतात १३. पुढे ‘.पीडीएफ’ची इंग्रजी चार चिन्हं जोडली की १७, म्हणजे एका फाइलला तीन नोंदी. अशा नावांच्या २१ हजारांच्या आसपास फाइली झाल्या की फोल्डर भरलं. पोटफोल्डर करा, प्रश्न संपतो.

मग फॅट३२ ठेवायचं कशाला? गाडीतला स्टिरिओ, जुना टीव्ही, प्रिंटर यांतल्या बऱ्याच यंत्रांना दुसरं काही वाचताच येत नाही. तिथे मोठी फाइल न्यायचीच असेल तर सेव्हन-झिप या झिप करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘स्प्लिट टू व्हॉल्यूम्स’च्या यादीत फॅटसाठी ४०९२ एमबीचा तयार पर्याय आहे. पण तुकडे पुन्हा जोडायला संगणक लागतो, टीव्हीवर ते चालणार नाहीत. ६४ जीबीचा ड्राइव्ह फॅट३२ करायचा तर विंडोजच्या खिडकीत तो पर्याय सहसा दिसत नाही. ३२ जीबीची ती अट विंडोजच्या त्या साधनाची आहे, फॅट३२ ची नाही. रूफससारख्या साधनाने काम होतं.

एनटीएफएस ही विंडोजची नेहमीची फाइल सिस्टिम पेनड्राइव्हसाठी मी सुचवणार नाही. मॅक ते वाचतो, पण जादा सॉफ्टवेअरशिवाय त्यावर लिहीत नाही. त्याच्या बाजूने एकच मुद्दा: ‘कन्व्हर्ट’ कमांडने फॅट३२ चं एनटीएफएस डेटा न पुसता करता येतं. एक्सफॅटसाठी अशी सोय नाही.

आणि हो, ३२ जीबीच्या ड्राइव्हवर २९.८ जीबीच दिसतात म्हणून पुन्हा पुन्हा फॉरमॅट करू नका. बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १,०२४ च्या. फॉरमॅट अर्ध्यात अडून ‘राइट प्रोटेक्टेड’ असा संदेश आला तर आधी ड्राइव्हच्या कडेला कुलपाचं बटण आहे का ते पाहा. नसेल तर विंडोजच्या ‘डिस्कपार्ट’ या कमांडने चालणाऱ्या साधनातून रीडओन्ली (फक्त वाचण्यापुरता) ही खूण काढून पाहा. त्यानेही हलला नाही, तर बहुधा आतल्या चिपने झीज ओळखून लिहिणं कायमचं बंद केलेलं असतं. वाचता येतंय तोवर डेटा काढून घ्या आणि नवा ड्राइव्ह आणा.